कोरड्या लेनसाठी निळा बॉल

“काढ तो धोंडा माझ्या पानांवरून! आत्ताच्या आत्ता काढ, नाहीतर त्याच्यासकट तुला बाहेर फेकीन!”

अम्मा ओरडत होती. तिच्या आवाजानं गल्लीतल्या पाण्याच्या टाकीवरची कबुतरं उडाली ती थेट अक्कलकोटला जाऊन बसली, असं मी पुढे कित्येक वर्षं सांगत आले. खरं म्हणजे टाकीवर कबुतरं नव्हतीच, एक कावळा होता, आणि तो अम्माला सरावलेला होता. धोंडा म्हणजे माझा बोलिंगचा बॉल. निळा, बारा पौंडांचा, तीन भोकांचा, एका अंगाचा टवका उडालेला. तो मी तिच्या विडीच्या पानांच्या गाठोड्यावर ठेवला होता. कारण आमच्या घराची फरशी अशी उताराची होती, की बॉल जमिनीवर ठेवला तर तो उंबऱ्यावरून उडी मारून समोरच्यांच्या न्हाणीत जायचा. दोनदा गेला होता. दुसऱ्यांदा आत माणूस होतं.

“पानं चेपतात गं ते,” मी म्हटलं. “वजन बरं असतं.”

“वजन बरं असतं तर तू बस त्यांच्यावर.”

आम्ही तेलुगू विणकर. घरात तेलुगू, दारात मराठी, आणि बाजारात जो जसा भेटेल तसं. इथलं घरातलं बोलणं मी मराठीत आणलंय; मुळात ते दुप्पट लागायचं. अम्मा विड्या वळायची. तेंदूची पानं आदल्या दिवशी पाण्यात बुडवून ओल्या तरटात गुंडाळायची, सकाळी ती मऊ झाली की पत्र्याच्या मापानं कापायची, मांडीवर सूप घेऊन बसायची आणि बोटं चालू व्हायची. बोटं चालू झाली की तोंडही चालू. कोरडं पान वळताना तडकतं. तडकलेलं पान म्हणजे वाया गेलेला हात. माझे वडील, नान्ना, तीस वर्षं यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की तो बरा करणारे वैद्य. तिथेही तेच. चैत्र-वैशाखात हवा कोरडी पडली की ताण्याचं सूत काडीसारखं कडकड तुटायचं. मग नान्ना खिडक्यांना ओली तरटं बांधायचे, फरशीवर पाणी मारायचे आणि हातात तेलाची कुप्पी घेऊन एका मागाकडून दुसऱ्याकडे फिरायचे. म्हणून आमच्या घरात कोरडेपणा हा एक रोग होता आणि त्याला औषध एकच, ओल. अंगणातली धूळ असो, टाचेच्या भेगा असोत की कडक भाकरी, सगळ्याला तेच. भाकरी तर आम्ही आमटीत अशी बुडवायचो की ती बुडाली की पोहतेय याची पैज लागावी. हे सगळं मी उगाच सांगत नाहीये. आता मनगटाला पट्टा बांधून लिहिते, ओळीगणिक हात दुखतो, त्यामुळे उगाच लिहिणं परवडत नाही.

तर कारखाना बंद पडला. माग भंगारात गेले. गाडी भरून निघाली तेव्हा नान्ना दारात उभे होते आणि प्रत्येक मागाचा नंबर तोंडातल्या तोंडात म्हणत होते. त्यानंतर महिनाभर आमच्या गल्लीत कुणाला झोप लागेना, कारण खटक-खटक आवाज थांबला होता. शेजारचा म्हातारा तर बायकोला पाटावर लाटणं आपटायला लावून झोपायचा. (हे मी घातलंय. पण झोप लागत नव्हती, हे खरं.) कारखान्याच्या शेठला पुण्यात कुणीतरी सांगितलं की आता चादरीचे दिवस गेले, लोकांना करमणूक पाहिजे. त्यानं कुठल्याशा बंद पडलेल्या मॉलमधून जुन्या चार लेन उचलून आणल्या आणि त्याच शेडमध्ये टाकल्या. लेन म्हणजे साठ फुटांची गुळगुळीत लाकडी वाट. ह्या टोकाला आपण, त्या टोकाला दहा पिना उभ्या. बॉल घरंगळत सोडायचा आणि पिना पाडायच्या. दोन्ही बाजूंना पन्हळ, बॉल त्यात गेला की गेला. पिना उभ्या करणारं यंत्र भिंतीमागे असतं, आणि ते बरं करायला शेठला माणूस हवा होता. नान्नांनी ते यंत्र दोन दिवस नुसतं बघितलं, तिसऱ्या दिवशी उघडलं, चौथ्या दिवशी ते चालायला लागलं. तेव्हापासून ते भिंतीमागे. पुढच्या बाजूला ते कधी येत नसत. म्हणायचे, तिथं बूट घालून हसणारी माणसं असतात.

मी दुपारी त्यांचा डबा घेऊन जायची. सोलापूरची दुपार म्हणजे तुम्हाला माहीत आहे. त्या वेळेला यमसुद्धा नवी पेठेतल्या एखाद्या दुकानाच्या पायरीवर टॉवेल टाकून पडलेला असतो. शेडमध्ये गिऱ्हाईक नसायचं. शेठ म्हणाला, “खेळ की पोरी, रिकामीच हाय लेन.” मी खेळले. मी खेळले म्हणजे काय, पहिल्या दिवशी मी एवढ्या जोरात बॉल टाकला की भिंतीमागून नान्नांचा आवाज आला, “कोण आहे ते? यंत्र मोडायचं का?” सहा महिन्यांत माझ्याइतकं खेळणारी पोरगी आख्ख्या जिल्ह्यात नव्हती. तशी जिल्ह्यात खेळणाऱ्या पोरी दोनच होत्या. दुसरी स्नेहल, शेठची पुतणी, जुळे सोलापूरची, स्कूटीवरून यायची. चांगली होती बिचारी. मला ती आवडायची नाही, पण चांगली होती.

मग एक दिवस शेठनं सांगितलं की पुण्याहून निवड करणाऱ्या बाई येणार आहेत. तीन डाव बघतील. सोलापूरची एक पोरगी पुण्याच्या शिबिराला घेतील, राहणं-खाणं त्यांचं, आणि तिथून पुढे राज्याच्या संघात. एक. दोन नाही. त्या दिवशी मी घरी आले तेव्हा अम्मा सुपात पानं कापत होती आणि मान वर न करता म्हणाली, “बारावी झाली. पुढच्या महिन्यापासून तुझं वेगळं सूप आणते.” ते सूप मला दारातूनच दिसायला लागलं. कोरं, बांबूचं, माझ्या मांडीच्या मापाचं. पुणं मला कशासाठी पाहिजे होतं, असं पुढे मला कुणी कुणी विचारलं. पुणं नकोच होतं. ते सूप नको होतं.

आता बॉलचं सांगते, कारण सगळं त्यावरच फिरतं. लेनच्या तीनपैकी पहिल्या दोन हिश्शांना तेलाचा पातळ हात असतो. बॉल त्या तेलावरून घसरत जातो आणि शेवटी कोरड्यावर पोचला की लाकूड पकडतो, वळतो आणि पुढच्या पिनेच्या कुशीत शिरतो. वळण शेवटी यायला पाहिजे. आमच्याकडे तेल लावायचं यंत्र आल्या आल्या जळालं होतं. तेलाचा डबा कोठीत पडून होता, शेठला त्याची आठवण नव्हती. लेन इतक्या कोरड्या झाल्या होत्या की त्यांच्यावर पापड वाळवता आले असते. स्नेहलनं पुण्याहून नवा बॉल आणला, लाल-काळा, चकचकीत, लोकांनी हात लावून नमस्कार करावा असा. त्याचं कवच मऊ, चिकट जातीचं, लाकूड पकडणारं. तेलावर तो राजा. पण आमच्या कोरड्या वाटेवर तो हातातून सुटला की दहाव्या पावलालाच डावीकडे वळायचा आणि पन्हळीत जाऊन बसायचा, सासरी कंटाळलेल्या सुनेसारखा. स्नेहल रडकुंडीला यायची. शेठ म्हणायचा, “लेन तिरकी झाली काय की!” आणि फूटपट्टी घेऊन लेनवर पालथा पडायचा.

मी पंधरा दिवस रॅकवरचे सगळे बॉल टाकून बघितले. नखानं कवच दाबून बघायचं. नख रुतलं तर तो आपला नाही. तळहातानं चोळून बघायचं. हात अडखळला तर तो आपला नाही. शेवटी राहिला हा निळा. प्लास्टिकचा, टणक, शाळेच्या सहलीतली पोरं फेकतात तसला, कुणी ढुंकून न बघावा असा. त्याला कशाचीच पकड नाही. आणि म्हणूनच कोरड्यावर तो शहाण्यासारखा सरळ जायचा, अगदी टोकाला पोचला की माझ्या मनगटाच्या पिळानं जरासा कलायचा आणि बरोबर कुशीत. मी शेठकडून तो मागून घरी आणला आणि जुन्या चादरीच्या तुकड्यानं रोज संध्याकाळी घासायला लागले, अजून गुळगुळीत व्हावा म्हणून. चिकट बॉल सगळ्यांना दिसतो. कोरड्या वाटेला निसरडा बॉल लागतो हे त्या शेडमध्ये मला एकटीला कळलं होतं. आयुष्यात मी स्वतः शोधून काढलेली ती एकच गोष्ट. बाकी सगळं ऐकीव किंवा थापा.

आणि ती गोष्ट मी घरी सांगितली नाही.

का नाही सांगितली? कारण तिच्यात मजा नव्हती. ‘मला योग्य बॉल सापडला’ हे एक वाक्य आहे. ते बोलायला भाकरीचा एक तुकडासुद्धा पुरत नाही. उलट कोरड्या लेनची गोष्ट चारी ताटं संपेपर्यंत चालायची. चौथं ताट शेजारच्या आक्काचं. ती माझ्या गोष्टींसाठीच आमच्याकडे जेवायला येते असं मला वाटायचं, खरं म्हणजे तिच्याकडे शेंगांची चटणी संपलेली असायची. मी सांगायची, “आज लेन एवढी कोरडी होती, बॉल गेला त्या वाटेनं धूर निघाला.” मी सांगायची, “लाकडाला भेगा पडल्यात, आज एका भेगेत विंचू बसला होता.” मी सांगायची, “माझा हात जळतो अम्मा त्या कोरड्या लेनवर, स्पर्धा कसली, चिता आहे ती.” आक्का म्हणायची, “आई गं!” अम्मा म्हणायची, “मग जाऊ नको की तिथं.” नान्ना भाकरी आमटीत बुडवायचे, ती मऊ होईपर्यंत थांबायचे आणि माझ्याकडे बघत राहायचे. इतकं लक्ष देऊन माझी थाप दुसऱ्या कुणीच ऐकली नाही. लोक थापा हसण्यासाठी ऐकतात. ते दुरुस्तीसाठी ऐकत होते.

एकदाच त्यांनी विचारलं. मी ओट्यावर बसून बॉल घासत होते. ते जवळ बसले, बॉल हातात घेतला, अंगठा टवक्यावरून फिरवला, आणि म्हणाले, “हाच का, बिड्डा? हा तर जुना आहे.”

तेव्हा सांगायचं होतं. दोन वाक्यांचं काम होतं, आणि यंत्राची भाषा कळणारा असा दुसरा माणूस आख्ख्या सोलापुरात नव्हता. मी म्हणाले, “नान्ना, हा साधा बॉल नाही. हा एका राजाच्या हत्तीच्या पोटात सापडला. आधी हत्ती मेला, मग राजा मेला, आता स्नेहलची पाळी.”

ते हसले. “बरं,” म्हणाले. पुन्हा जरा वेळानं, “लेन मात्र कोरडी आहे म्हणतेस.”

“स्मशान आहे, नान्ना. नुसतं स्मशान!”

स्पर्धेच्या सकाळी मी जागी झाले तर त्यांची चप्पल दारात नव्हती. अम्मानं कुंकू लावलं, हातावर दही ठेवलं आणि म्हणाली, “पडलीस तर पड, पण लोकांसमोर बडबडू नको.” अम्माच्या तोंडून यापेक्षा गोड आशीर्वाद मी ऐकलेला नाही. बॉल मी तिच्या विडीच्या पिशवीत घालून नेला.

पुण्याच्या बाई उंच होत्या, पांढरे बूट, गळ्यात चष्मा. त्या वाकल्या, लेनवर दोन बोटं फिरवली, बोटं उजेडात धरली आणि शेठकडे बघून म्हणाल्या, “वा. इतकी सुंदर राखलेली लेन मी पुण्यातसुद्धा पाहिली नाही.” शेठनं मान अशी डोलावली जणू जन्मभर तो हेच करत आला होता. मी ऐकलं, पण मला वाटलं, बाई गोड बोलणाऱ्या आहेत. थापाड्याला दुसऱ्याचं खरं बोलणं ओळखता येत नाही, हा आमच्या धंद्याचा दोष.

सरावाचे दोन बॉल मिळाले. माझा पहिला सरळ गेला आणि कोपऱ्यातल्या तीन पिना पाडून निघून गेला, वळलाच नाही. मी म्हटलं, हात थरथरतोय. दुसरा तसाच. मी म्हटलं, दही फार खाल्लं. पहिला डाव असाच गेला. बॉल काचेवरून गेल्यासारखा सरळ जायचा आणि मी मनगट असं पिळत होते की पुढची पंधरा वर्षं त्याचा हिशेब डॉक्टर मागत होते. स्नेहलनं तो लाल-काळा बॉल टाकला. तो सरळ गेला, सरळ, सरळ, आणि अगदी शेवटी, अंगात आल्यासारखा वळून कुशीत शिरला. दहाच्या दहा. ती स्वतःच दचकली. तिनं माझ्याकडे बघितलं, जणू मला विचारत होती की हे काय झालं. मला माहीत असतं तर मी सांगितलं असतं. नसतं सांगितलं.

दुसऱ्या डावात मी लेनच्या रेषेशी वाकून हात लावला. बोटाला तेल आलं. पातळ, एकसारखं, सुईच्या टोकाएवढं, कुठे थेंब नाही, कुठे डाग नाही. उजेडात तिरकं बघितलं तर दोन हिश्शांपर्यंत चमक होती आणि पुढे सरळ रेघेत थांबली होती, जशी तेलाच्या यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकातल्या चित्रात असते. यंत्राशिवाय, हातानं, फडक्यानं, साठ फुटांची लेन अशी लावणारा माणूस जगात एकच होता आणि तो त्या क्षणी भिंतीमागे माझ्या पिना पडल्याचा आवाज मोजत होता. आवाजावरून त्यांना कळत असणार. दहा पडल्या की कसा आवाज येतो आणि तीन पडल्या की कसा, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्या दिवशी तीस वर्षांचा जॉबर तिथं बसून ऐकत होता की आपण दुरुस्त केलेलं काहीतरी बिघडलंय, आणि काय ते कळत नव्हतं.

रॅकवर चिकट बॉल होते. मी एक उचलला, पण त्याची भोकं माझ्या बोटांची नव्हती. इतके दिवस निळ्याला सरावलेला हात दुसऱ्याला ओळखेना. परत निळ्यावर आले. पाय सरकवून उभी राहिले, कोन बदलला, जोर कमी केला. तिसऱ्या डावात मी बरी खेळले, इतकी बरी की बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. सात पिनांनी हरले. पुढे सांगताना मी कधी एका पिनेनं हरले, कधी पंच फितूर होता, आणि लग्नात सासरच्यांना सांगितलं तेव्हा तर जिंकले होते, पण आईवडिलांना सोडून पुण्याला जावेना म्हणून नाही म्हणाले. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या गोष्टीचा मला आता कंटाळा आलाय. सगळ्याच तऱ्हांचा. सात पिना, एवढंच.

बाईंनी स्नेहलच्या खांद्यावर हात ठेवला. मला म्हणाल्या, “तुझा हात चांगला आहे. बॉल चुकीचा निवडलास. अशा लेनवर प्लास्टिक नाही आणायचं, बाळा.” मी मान हलवली. कालपर्यंत त्या लेनवर प्लास्टिकशिवाय दुसरं काही चाललंच नसतं, हे त्यांना काय सांगणार! शेठनं पेढे मागवले. स्नेहल माझ्याकडे आली आणि म्हणाली, “ताई, खरंच काय कळलं नाही गं मला.” मी तिला म्हटलं, “आमच्या हत्तीचा शाप निघाला.” ती हसली नाही. मीही हसले नव्हते.

मी भिंतीमागे गेले. तिथे पंख्याचा वारा पोचत नाही, नुसता ग्रीसचा वास आणि यंत्राची धग. नान्ना पिना उभ्या करणाऱ्या यंत्राचा पट्टा सोडवत होते. त्यांच्या पायाशी कोठीतला तेलाचा डबा होता, झाकण नीट लावलेला, आणि त्यावर धुऊन पिळून वाळत घातलेलं चादरीचं फडकं. माझंच, बॉल घासायचं. गुडघ्यांवर लाकडाची भुकटी होती. चार लेन रांगत लावल्या होत्या त्यांनी, उजाडायच्या आधीपासून. मला बघून त्यांनी हात पुसला आणि माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मागाकडे बघायचे तसं, कुठून आवाज येतोय ते शोधत.

मी ओरडले. अम्मानं ओरडावं तसं ओरडले, शेडच्या पत्र्याला आवाज लागला. “तेल कुणी लावलं? कुणी सांगितलं होतं लावायला? सगळं बसवलं होतं मी, त्या कोरड्यावर सगळं बसवलं होतं! कशाला लावलंत?”

पुढे पेढे वाटत होते, तिकडून कुणीतरी टाळी वाजवली. नान्नांनी डबा उचलून कोपऱ्यात ठेवला, म्हणजे माझा पाय लागणार नाही.

“तूच म्हणालीस,” ते म्हणाले, “कोरडं आहे.”